मडक्यातलं घरचं पाणी

फार पूर्वी एका राज्यात बारा प्रांत होते. राजाच्या मोठ्या सभेत प्रत्येक प्रांताने आपला एक माणूस निवडून पाठवायचा, अशी रीत. आणखीही एक रीत होती, मोठी शहाणपणाची! सभेत बोलायला उभं राहिलं, की आधी घरून आलेल्या मडक्यातलं पाणी प्यायचं, मगच तोंड उघडायचं. घरची चव जिभेवर असली म्हणजे माणूस घरचं विसरणार नाही, असं जुन्या लोकांना वाटायचं.

समुद्राकाठच्या प्रांताने एक बोलका, देखणा गडी निवडून दिला. त्याच्यासाठी सगळ्यात आधी हात वर केला तो त्याच्या म्हाताऱ्या काकूने. दर महिन्याला गावच्या विहिरीचं पाणी भरून मडकं निघायचं आणि राजवाड्याच्या देवडीवर पोचायचं.

पहिल्याच सभेत त्याने घोट घेतला, तर शेजारचा नाक दाबून हसला. "काय हो, चिखलाचा वास येतो तुमच्या पाण्याला!"

गड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून तो काय करायचा, तर घरचं पाणी खिडकीखालच्या मोगऱ्याला ओतायचा आणि मडक्यात राजवाड्याचं वाळा घातलेलं थंडगार पाणी भरायचा. मडकं घरचंच ना, मग झालं तर!

अशी काही वर्षं गेली. मोगरा जळून गेला. त्याने बिचाऱ्या माळ्यालाच फैलावर घेतलं.

मग एकदा भर सभेत राजा म्हणाला, "किनाऱ्यावरचे बांध जुने झालेत. दगड मात्र एकाच बांधापुरता आहे. कुणाला द्यावा?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्याने ऐटीत मडकं उचलून घोट घेतला. पाणी कसं गोड लागलं! "महाराज, आमच्याकडे सगळं ठीक आहे. दगड शेजारच्या प्रांताला द्या."

वा, केवढं मोठं मन! टाळ्या पडल्या, राजाने त्याच्या खांद्यावर शाल पांघरली. अहो, लोकांच्या वाट्याचं देऊन टाकायला याचं काय जात होतं?

शाल मिरवायला तो गावी आला, तर निम्म्या घरांना कड्या. शेतं मिठाने पांढरी पडलेली. काकूने त्याला पाहुण्यासारखं गूळ-पाणी दिलं. त्याने घोट घेतला आणि थू थू करत थुंकला.

"काकू, हे पाणी आहे की समुद्र?"

"बांध फुटला तेव्हापासून असंच आहे रे. दोन वर्षं झाली."

"मग मला निरोप का नाही धाडलात?"

काकू त्याच्याकडे बघतच राहिली. "निरोप कसला? दर महिन्याला हेच पाणी धाडत होतो की! निम्मे गेले, उरलेलेही गाव सोडायला निघाले, तर मीच त्यांना अडवलं. म्हटलं, थांबा, आपला माणूस हेच पाणी पितोय, तो गप्प बसायचा नाही."

त्याला रडू कोसळलं. पण आता रडून काय उपयोग? दगड केव्हाच शेजारी जाऊन पोचले होते. काकूने पदराने डोळे पुसले आणि ती आपलं बोचकं बांधायला लागली.

त्या प्रांतातून पुढे सभेत कुणीच गेलं नाही. निवडून द्यायला तिथे माणसंच उरली नव्हती.

तात्पर्य: ज्यांच्या वतीने बोलायचं, त्यांच्या घशाखाली काय उतरतंय ते आधी स्वतः पिऊन बघावं.