गोळेवाल्याचा बर्फ

माझा दादा, हवालदार सयाजी विरकर, सीमेवर पहारा संपवून तंबूकडे परतताना बर्फावरून घसरला आणि दरीत पडून गेला. पेन्शनच्या ऑफिसनं ठरवलं, हा साधा अपघात, नोकरीशी संबंध नाही. शालनवहिनीनं अपील केलं. दादा ड्युटीवर असताना गेला, एवढं तिला सरकारच्या तोंडून ऐकायचं होतं.

सुनावणीला सरकारी वकील ऐटीत उठले. "गोळी नाही, शत्रू नाही. पाय काय, कुठंही घसरतो. गावी असता तर गावीही घसरला असता!"

माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो, तर वहिनीनं हात धरून मला खाली ओढलं. "भावजी, बसा. मी बोलते."

ती पदर सावरून उभी राहिली. "वकीलसाहेब, आमचं गाव माणदेशात. तिथं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर असतो. त्यावरून घसरायचं तर आधी गाडीवर चढायला लागेल."

सगळे हसले. वकील तापले. "बाई, चेष्टा नको!"

"चेष्टा तुम्ही सुरू केली. ह्यांना त्या बर्फावर मी नव्हतं धाडलं. मग कुणी धाडलं, ते सांगा."

न्यायाधीशांनी वकिलांकडे बघितलं. वकील कागद चाळत राहिले.

"लिहून घ्या," न्यायाधीश म्हणाले, "हवालदार विरकर ड्युटीवर असताना गेले."

"साहेब, जरा मोठ्यानं सांगा," वहिनी म्हणाली. "माझ्या धाकट्या दिराला ऐकू दे."

त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मी भर कोर्टात लहान पोरासारखा रडलो.