कोरं गाणं

"मग कौल तेजूला का दिलात, चाचा? यल्लाप्पाचा एकही ठोका चुकला नाही."

निहालनं विचारलं. दस्तगीरचाचा वायर गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

इचलकरंजीत सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात. मग दुपारी एका कारखान्यामागच्या सिमेंटच्या अंगणात पोरंपोरी रिंगण धरतात. मध्ये दोघं समोरासमोर नाचतात. चाचा मशीनवर गाणी लावतात आणि शेवटी कोण जिंकलं याचा कौलही तेच देतात.

गाणी बहुतेक त्यांनीच बांधलेली. शब्द नाहीत, नुसता ठोका. इतका भरधाव, की कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचेही गुडघे हलू लागतात. मी आजवर बरीच गाणी ऐकली. असं अंगात शिरणारं दुसरं ऐकलं नाही.

रिंगणाचा नियम एकच. शेवटच्या झुंजीचं गाणं कोरं हवं. नाचणाऱ्या दोघांपैकी कुणीही ते आधी ऐकलेलं नको.

आजचं कोरं गाणं निहालनं बांधलं होतं. चाचांचा तो सर्वांत हुशार चेला. गाणं रंगलं, तर पुढच्या सुट्टीपासून मशीन त्याच्या हाती द्यायचं चाचांनी कबूल केलं होतं.

गाणं रंगलंही. भर वेगात त्यानं एक थांबा ठेवला होता. सगळा आवाज बंद... आणि पुढचा ठोका भलत्याच जागी.

तेजू तिथं फसली. तोल गेला, हात जमिनीला टेकला. ती खदखदून हसली आणि त्याच हातावर गिरकी घेऊन उठली.

यल्लाप्पा मात्र पाय उचलून तयार होता. ठोका आला, पाय पडला.

"ती पडली, चाचा," निहाल म्हणाला.

"पडली. झकास पडली."

"आणि जो पडला नाही, तो हरला?"

"त्याच्या पायाला ठोक्याची गरजच नव्हती, लेका. वेळ झाली म्हणून एसटी सुटावी, तसा पडला."

निहाल दुसरी वायर उचलू लागला.

"तुझा दोस्त न्हवं का तो?" चाचांनी विचारलं.

"असंल... दोस्त असला म्हणून काय झालं?"

चाचांनी गुंडाळलेली वायर सोडली. मशीनला जोडली.

"उतर रिंगणात."

"मी? गाणं माझंच आहे. झोपेत नाचीन."

"मग झोपेत नाच. पण उतर."

रिकाम्या अंगणात गाणं सुरू झालं. निहाल सुरेख नाचला. पाय दिसेनात, नुसती सावली थरथरत होती. थांबा आला. त्यानं पाय उचलला...

चाचांनी बटणावर बोट ठेवलं.

ठोका आलाच नाही. पाय एकटाच सिमेंटवर धपकन आपटला.

निहालनं रागानं वर पाहिलं. चाचांचं बोट तिथंच होतं. त्यानं पुन्हा पाय उचलला. या वेळी तो खाली टाकला नाही.

...

ठोक्याची चाहूल घ्यावी तशी त्याची मान हळूच कलली. उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला.

"चाचा... यल्लाप्पाला मी गाणं आधीच ऐकवलं होतं."

"त्याच्या पायानं मघाच सांगितलं."

"मला मशीन देऊ नका."

चाचांनी बटणावरचं बोट न काढता सरकून शेजारी जागा केली.

"कान उघडे आहेत तोवर ये. बोट ठेव इथं."