टिटवीचा लेख आणि गुप्त तपासनीस

फार पूर्वी, प्राण्यांनाही कायद्याची खाज होती तेव्हा, जंगलात एक कायदेपत्रिका निघे. तिच्यात छापून येईल तो कायदा. लेख तपासायला जाई तो लेखकाचं नाव झाकून. तपासनिसाचंही नाव गुप्त.

म्हशी अंडी तुडवतात म्हणून टिटवीने 'नदीकाठच्या अंड्यांचे हक्क' हा लेख लिहिला. तो तीनदा परत आला. शेरा एकच: "लेखकाने साळिंदरशास्त्री वाचलेले नाहीत." आणि कागदात साळिंदराचा काटा अडकलेला!

टिटवीने मग साळिंदराचाच जुना लेख उतरवून पाठवला. तोही परत: "टाकाऊ. लेखकाने साळिंदरशास्त्री वाचलेले नाहीत."

संपादक कासव भर सभेत म्हणालं, "शास्त्रीबुवा, हा लेख तुमचाच की हो!"

"मग शेरा खराच आहे," साळिंदर फणकारला. "मी लिहितो. वाचत कोण बसतं?"

टिटवीचा लेख त्याच अंकात छापला गेला आणि म्हशींना काठ बंद झाला. लेख कुणी वाचला देव जाणे, पण अंडी वाचली.