धुळाजीने वारा पाहिला

फार वर्षांपूर्वी, खिंडीतून साधी बैलगाडीही जात नव्हती तेव्हा, आमच्या वाडीत धुळाजी झोरे नावाचा धनगर राहत होता. मेंढरांनी नुसती मान वळवली तरी त्याला वारा कळायचा, असं म्हणतात.

त्या काळी दरीपलीकडच्या कड्यावर एक वाघ आला. आधी त्याने गुरं नेली, मग तो माणसं नेऊ लागला. तेव्हा सरकारने वाडीला एक रायफल दिली. ती हातात घ्यायला कुणी पुढे येईना, म्हणून ती धुळाजीच्या खांद्यावर आली.

पहिल्याच वेळी त्याचा नेम चुकला. थंडीची पहाट होती आणि वाघ पलीकडच्या कड्यावर बसला होता. धुळाजीने गालाला लागणारा वारा जोखला आणि गोळी सोडली. ती वाघाच्या कितीतरी खाली, बाजूच्या दगडावर फुटली. वाघाने जांभई दिली आणि तो उठून गेला, असं म्हणतात. मग पाणवठ्यावर बायका चिडवायच्या, "धुळाजी भावजी, वाघाला उठवायला गेला होता म्हणे!"

धुळाजी मेंढरं घेऊन दरीच्या काठावर बसायचा आणि सावरीचा कापूस वाऱ्यावर सोडून बघत राहायचा. त्याला हळूहळू कळत गेलं. थंडीत हवा जड असते, गोळी लवकर खाली बसते. उन्हात हवा पातळ होते, गोळी वर लागते. कातळ तापला की हवा थरथरते आणि समोरचं जनावर आहे त्या जागी दिसत नाही.

"गोळी म्हणजे मेंढरूच," तो म्हणायचा. "वारा हाकेल तिकडं सरकतं. आणि गालाला लागतो तेवढाच वारा आपला. पुढचा सगळा दरीचा."

पण दरीचा वारा दिसायचा कसा? कापूस थोडा पुढे जाऊन दिसेनासा व्हायचा.

पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला धुळाजीची बहीण ठकू सासरहून निघाली. पलीकडच्या कड्यावरच वाघाने तिला गाठलं. ती कड्याच्या टोकावरच्या उंबरावर चढली. झाड लहान होतं. वाघ बुंध्यावर पंजे मारू लागला, तशी मुळं सुटू लागली. दरी उतरून तिथे पोचायला संध्याकाळ झाली असती. गोळी इथूनच मारायला हवी होती, आणि ती जरा चुकली तर ठकूलाच लागणार होती.

धुळाजी काठावर पालथा पडला. दरीतून ठकूचा आवाज घुमत आला, "दादा, मार की!"

"थांब, वारा बघतोय!"

"मी मेल्यावर बघ हो सावकाश!"

धुळाजीने खाली पाहिलं. वाडीची घरं काठापासून ओढ्यापर्यंत आणि तिथून पलीकडच्या उतारावर पसरलेली होती. एका घरातून धुराची बारीक रेघ निघाली होती आणि ती वाकली होती. धुळाजी ओरडला, "चुली पेटवा! ओला पाला टाका चुलीत! सगळ्यांनी!"

"ह्याला आत्ता भूक लागली का काय?" काठावर त्याच्याजवळ उभा असलेला म्हातारा सुभाना म्हणाला. पण बायका धावल्या. बघता बघता घराघरातून पांढरा धूर उठला. काठावरचा धूर उजवीकडे झुकला. ओढ्याजवळचा सरळ वर गेला. पलीकडच्या उतारावरचा डावीकडे कलला. आजवर न दिसलेला दरीचा वारा धुळाजीसमोर उभा राहिला.

त्याने रायफलीची नळी वाघावरून काढली आणि डावीकडच्या मोकळ्या कातळावर रोखली.

"अरे, वाघ तिकडं आहे!" सुभाना ओरडला.

"असू दे. वारा नेईल तिकडं."

आणि त्याने चाप ओढला.

ती गोळी शेळ्यांच्या पायवाटेसारखी वळत गेली, आधी उजवीकडे, मग जराशी डावीकडे, असं म्हणतात. प्रत्येक घराच्या धुरातून ती पार झाली आणि धुराला पडलेली भोकं संध्याकाळपर्यंत बुजली नाहीत, असंही म्हणतात. वाघ उंबराखालून उडाला आणि कडा कोसळावा तसा दरीत कोसळला.

सगळी वाडी ढोल घेऊन ठकूला आणायला गेली. घरी आल्यावर तिने भावाला ओवाळलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंड वाकडं केलं. "एका वाघासाठी एवढा धूर? भाकरीसुद्धा धुरकट झाली की रे!" तेव्हा धुळाजी पहिल्यांदा हसला.

आता ती रायफल नाही आणि शिकारही कुणी करत नाही. पण भाऊबीजेला सकाळी आमच्या वाडीत प्रत्येक चुलीत ओला पाला पडतो. ज्यांच्याकडे गॅस आहे ते अंगणात तीन दगड मांडतात. सासरहून येणाऱ्या लेकी खिंडीत पोचल्या की थांबतात आणि दरीतल्या धुराकडे तोंड करून हाक देतात, "दादा, मार की!"

आणि खालून सगळी वाडी एका आवाजात ओरडते, "थांब, वारा बघतोय!"

मग लेकी हसत हसत त्या धुरातून खाली उतरतात.