कुलगुरूंची रिकामी भांडी

माझ्या लेकीला, शर्वरीला, विद्यापीठात संशोधनाची जागा मिळावी म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. वशिला लावणार नाही, असा नेमही केला होता. यादीत ती पहिली आली. पण जागा एकच, आणि मंत्र्यांना ती भाच्यासाठी हवी होती.

कुलगुरू इंदुमतीबाई शेजवलकर मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. मंत्री त्यांच्या दालनात शिरले, तेव्हा आम्ही मायलेकी उघड्या दाराशीच बसलो होतो.

"बाई, भाच्याचं नाव वर घ्या."

"नियमात बसत नाही, साहेब."

"नियम मला शिकवता? तुम्ही स्वतः संशोधन तरी कशावर केलंत?"

"वीस वर्षं निर्वात पोकळीवर. भांड्यातली सगळी हवा काढून घ्यायची."

"म्हणजे वीस वर्षं रिकामी भांडी!" मंत्री खदखदून हसले. "त्याचा इथे काय उपयोग?"

"फार होतो. भांडं रिकामं केलं की बाहेरून चहूबाजूंनी दाब येतो. कितीही दाब आला तरी चेपणार नाही, असं भांडं घडवण्यातच माझी वीस वर्षं गेली."

मंत्र्यांचं हसू मावळलं. बाईंनी त्यांच्यासमोरच शर्वरीच्या नेमणुकीच्या पत्रावर सही केली.

बायांनो, उपास जमला नाही तरी महादेव रागावणार नाही. वशिला न लावण्याचा नेम मात्र तुम्हीही धरा.