वीस पावलांवरचा चहा

गडहिंग्लजच्या अनसूयाकाकू चौगुले वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एकट्याच गाडी घेऊन निघाल्या आणि बावीसशे किलोमीटर तुडवून थेट देशाच्या सीमेवर पोचल्या. फाटकावरच्या मिशाळ साहेबांनी त्यांचा अर्ज दोन बोटांत उचलला. प्रवासाच्या कारणाच्या रकान्यात काकूंनी लिहिलं होतं, "हौस."

"हौस हे काही कारण नव्हे," साहेब गुरगुरले. "देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, सोबत माणूस नाही. बिनकारण हिंडणाऱ्याचा मला संशय येतो. अठरा वर्षं काढलीत मी या फाटकावर! गाडी मागं फिरवा."

काकूंनी मागं मुळीच पाहिलं नाही. फाटकापलीकडं चहाची एक टपरी होती, तिच्याकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, "तिथला चहा कसा असतो हो, साहेब?"

"मला काय ठाऊक? मी कधी गेलो नाही."

"वीस पावलांवर तर आहे की. अठरा वर्षांत का नाही गेलात?"

साहेबांनी मिशी चाचपली, पण तिच्यात काही कारण सापडेना. "असंच," ते पुटपुटले.

"म्हणजे तुम्ही अठरा वर्षं बिनकारण जागचे हलला नाहीत आणि मी बिनकारण बावीसशे किलोमीटर आले. आता संशय कुणाचा घ्यायचा, बोला!"

रांगेतले ट्रकवाले खो खो हसले. साहेबांनी मुकाट्यानं शिक्का मारला.

काकूंनी वीस पावलांवर गाडी थांबवली, चहाचा घोट घेतला आणि फाटकाकडं तोंड करून हाळी दिली, "साहेब, साखर जरा जास्तच आहे हो!"