सिलिंडरला मिशी

रायगव्हाणच्या महाराजांच्या मोटारीनं दसऱ्याच्या मिरवणुकीत असा धूर ओकला, की मागचे तुतारीवाले काळेठिक्कर पडले! इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आरशासारखे गुळगुळीत करा, हा मिरवणुकीआधीचा हुकूम महाराजांचाच. पण तुरुंगात गेला तो हुकूम पाळणारा सटवाजी मिस्त्री.

त्याची लेक हौसा बापाच्या हाताखालीच काम शिकलेली. ती तडक दरबारात आली.

"बाबांना सोडा, सरकार. मोटार मी नीट करते."

"कर की! पण सिलिंडरमध्ये आमची मिशी दिसली पाहिजे, आणि धूर अजिबात नको. एक जरी चुकलं, तर बाप जन्मभर खडी फोडेल!"

दिवाणांनी मान डोलावली. दिवाणगिरीत त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

हौसानं कपाळाला हात लावला. आरसा केला की धूर, धूर थांबवला की आरसा गेला! तरी ती कामाला लागली. घासदगड सिलिंडरमध्ये गरगर फिरवत तिनं वरखाली नेला आणि आतून तिरप्या बारीक रेघांची जाळी उठवली.

पाचव्या दिवशी महाराज सिलिंडरमध्ये डोकावले. "हे तर ओरखडे! मिशी कुठाय?"

"दाखवते. आधी पागोटं उतरवा, सरकार."

"काय?" दिवाण किंचाळले. पण महाराजांना कुतूहल आवरेना. पागोटं उतरलं, टक्कल चकाकलं. हौसानं त्यावर पळीभर तेल ओतलं. तेल कपाळावरून सुसाट निघालं, नाकावरून घसरलं आणि मिशीत येऊन थांबलं!

"बघा! गुळगुळीतावर तेल ठरत नाही, मिशीत ठरतं. सिलिंडरचंही तसंच. आतल्या रेघा तेल धरतात; त्या नसल्या की पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत, तेल वर चढून जळतं आणि धूर होतो. बाबांकडून तुम्ही सिलिंडरचं टक्कल करून घेतलंत. मी त्याला मिशी फोडली!"

"जोडून दाखव," महाराज गुरगुरले.

संध्याकाळी इंजिन धडधडलं. महाराजांनी दिवाणांचं पांढरंशुभ्र उपरणं ओढून धुराच्या नळीमागे धरलं. ते पांढरंच राहिलं!

"ठीक. पण राजाच्या टकलावर तेल ओतलंस, त्याची शिक्षा?"

"इथली रीत ठाऊक आहे, सरकार. चूक तुमची, शिक्षा मिस्त्रीला. ती बाबांनी आधीच भोगलीय!"

महाराज असे खदखदून हसले, की मिशीतलं तेल दिवाणांच्या अंगावर उडालं. सटवाजी त्याच संध्याकाळी सुटला, मोटारखाना हौसाच्या ताब्यात आला, आणि पुढच्या दसऱ्याला तुतारीवाल्यांच्याही मागून, मिरवणुकीच्या शेवटी चालायचा मान, नुसती मान डोलावणाऱ्या दिवाणांना मिळाला.